पहिला श्वास आणि साबणाचा फुगा

बाळंतिणीच्या खोलीबाहेर थांबलेल्या मंडळींचे कान एकाच आवाजाकडे लागलेले असतात. 'ट्यांहां' ऐकू आले की सर्वांचा जीव भांड्यात पडतो. मूल रडले, म्हणजे त्याने श्वास घेतला! पण विद्यार्थी मित्रांनो, काही बाळांना हा श्वास पेलत नाही. तो का पेलत नाही, याचे उत्तर तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे असे सांगितले, तर खरे वाटेल का?

आधी साधा श्वास समजून घेऊ. 'आपण हवा आत ओढतो' असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात फुप्फुसांना स्वतःहून फुगता येत नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटाकार स्नायू असतो. तो आकुंचन पावला की खाली सरकतो. त्याच वेळी बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात. छातीची पोकळी मोठी होते आणि तिच्याबरोबर फुप्फुसेही प्रसरण पावतात. आकारमान वाढले की हवेचा दाब कमी होतो, हा रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ साली मांडलेला नियम तुम्ही शिकला आहात. आतला दाब कमी झाल्याबरोबर बाहेरची हवा आत शिरते. सिरिंजचा दट्ट्या मागे ओढल्यावर हेच घडते. म्हणजे आपण फक्त जागा करून देतो. हवा आत ढकलण्याचे काम वातावरण करते!

यासाठी दाबात फरक तरी किती लागतो? बाहेरचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाएवढा असेल, तर शांत श्वासात आतला दाब जेमतेम १ मिलिमीटरने उतरतो. तेवढ्यावर सुमारे अर्धा लिटर हवा आत येते. श्वासपटल सैल पडले की ताणलेली फुप्फुसे आपोआप आक्रसतात आणि उच्छ्वास होतो.

आत आलेली हवा श्वासनलिकेतून पुढे जाते. या नळीला फाटे फुटतात, फाट्यांना पुन्हा फाटे, असे सुमारे २३ वेळा घडते. शेवटी येतात वायुकोश. ते तीस कोटींहून अधिक असतात आणि एकेकाचा व्यास सुमारे ०.२ मिलिमीटर असतो. सर्वांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर जवळजवळ बॅडमिंटनच्या मैदानाएवढी जागा व्यापतील. वायुकोशातील हवा आणि रक्त यांच्यामधील पडदा एक सहस्रांश मिलिमीटरहूनही पातळ असतो. त्यातून ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. आत येणाऱ्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, तर बाहेर जाणाऱ्या हवेत सुमारे १६ टक्के.

खरी अडचण पुढेच आहे. वायुकोशाची भिंत आतून ओलसर असते, आणि जेथे पाणी तेथे पृष्ठताण आलाच. एक प्रयोग करा. लहान नरसाळ्याचे रुंद तोंड साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि दुसऱ्या टोकाने हळूच फुंकून फुगा तयार करा. आता तोंड काढून ते टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरा. ज्योत कलते आणि फुगा आक्रसत जातो. पृष्ठताणामुळे फुगा स्वतःला मिटवू पाहतो आणि आतली हवा बाहेर ढकलतो. फुगा जितका लहान, तितका हा दाब जास्त!

आता वायुकोशाचे गणित करू. येथे द्रवाचा एकच पृष्ठभाग असल्यामुळे दाब = २ × पृष्ठताण ÷ त्रिज्या. शरीराच्या तापमानाला पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ०.०७ न्यूटन आणि त्रिज्या ०.१ मिलिमीटर धरली, तर उत्तर येते १४०० पास्कल, म्हणजे पाण्याच्या १४ सेंटिमीटर स्तंभाएवढा दाब. प्रत्यक्षात शांत उच्छ्वासाच्या शेवटी निरोगी फुप्फुसे उघडी राहायला सुमारे ५ सेंटिमीटर पुरतात. मग आपले गणित चुकले का?

गणित बरोबर आहे. फक्त वायुकोशांत नुसते पाणी नसते. त्यांच्या भिंतीतील काही पेशी मेद आणि प्रथिने असलेला एक पदार्थ स्रवतात. त्याला सरफॅक्टंट म्हणतात. साबणासारखाच तो पाण्याचा पृष्ठताण कमी करतो. शिवाय वायुकोश आक्रसला की त्याचे रेणू दाटीवाटीने जवळ येतात आणि पृष्ठताण आणखी उतरतो. म्हणून लहान वायुकोशही मिटून जात नाहीत.

आता त्या बाळाकडे वळू. आईच्या पोटात त्याला वारेतून ऑक्सिजन मिळतो आणि फुप्फुसांत द्रव भरलेला असतो. पुरेसा सरफॅक्टंट तयार होतो तो साधारण ३५व्या आठवड्याच्या सुमारास. अपुऱ्या दिवसांच्या बाळाजवळ तो कमी असतो. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर त्याचे वायुकोश मिटतात आणि प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच कष्टाचा होतो. काही तासांतच बाळ थकून जाते.

याचे कारण मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवून दिले. पण कारण कळले म्हणजे उपाय सापडला असे नव्हे. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना साडेपाच आठवडे अगोदर मुलगा झाला. निष्णात डॉक्टर हाताशी असूनही तो दोन दिवसांच्या आतच दगावला. पुढे १९८० साली जपानमध्ये फुजिवारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईच्या फुप्फुसांपासून मिळवलेला सरफॅक्टंट अशा १० बाळांच्या श्वासनलिकेत सोडला, आणि त्यांचा श्वास सुधारला. आज हा उपचार आपल्याकडेही केला जातो.

पृष्ठताणाची उदाहरणे सोडवताना 'याचा उपयोग काय?' असा प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतोच. पुढच्या वेळी तुम्हाला तो पडला, तर क्षणभर थांबा आणि एक श्वास घ्या. तीस कोटी फुगे न मिटता उघडे आहेत, हेच त्याचे उत्तर.