शेल-संग्रह, स्वयं-उलगडणारे
शेल-संग्रह, स्वयं-उलगडणारे : अनेक फाइली एकाच मजकुरी फाइलीत बांधण्याची युनिक्स परंपरेतील एक पद्धती. अशा संग्रहाचे वैशिष्ट्य असे की, तो उघडण्यासाठी वेगळी आज्ञावली लागत नाही. संग्रह हीच एक आज्ञावली असते व ती चालविली की, आतील सर्व फाइली मूळ नावांनिशी पुन्हा तयार होतात. वापरणाऱ्याने टंकलिखित केलेल्या आज्ञा वाचून त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या युनिक्समधील आज्ञावलीस ‘शेल’ असे म्हणतात. हा संग्रह शेलच्याच भाषेत लिहिलेला असल्याने त्यास हे नाव मिळाले. तो तयार करणाऱ्या आज्ञेचे नाव ‘शार’ असून बोलण्यात संग्रहालाही शार म्हणतात.

रचना : समजा, वर्धा जिल्ह्यातील वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर या आठ तालुक्यांच्या पर्जन्यमानाच्या नोंदी आठ स्वतंत्र फाइलींत आहेत. ‘शार’ या आज्ञेपुढे आठही नावे लिहून, ‘>’ या चिन्हाने निर्गत एका नव्या फाइलीकडे वळविल्यास संग्रह तयार होतो. ज्याच्याकडे तो पोहोचेल त्याने केवळ ‘एसएच’ ही शेलची आज्ञा संग्रहाच्या नावासह द्यावयाची असते.

या रचनेचा गाभा म्हणजे शेलमधील ‘<<’ हे चिन्ह होय. या चिन्हापुढे एखादा खूणशब्द दिला की, तो शब्द ओळीवर एकटा येईपर्यंतचा सर्व मजकूर शेल संबंधित आज्ञेला आदान म्हणून पुरविते. संग्रहात प्रत्येक फाइलीसाठी अशी एक आज्ञा, तिच्यामागे फाइलीचा मजकूर आणि शेवटी खूणशब्द अशी मांडणी असते. खूणशब्द अवतरणचिन्हांत द्यावा लागतो. तसे न केल्यास मजकुरातील डॉलर चिन्हाने सुरू होणारे शब्द शेल स्वतःच्या चलांची नावे समजते आणि त्यांच्या जागी भलतेच काही घालते. आणखी एक अडचण अशी की, खूणशब्दासारखीच एखादी ओळ मूळ मजकुरातही असू शकते व तेथेच फाइल अर्धवट तुटते. त्यावर योजलेला उपाय साधा पण परिणामकारक आहे. बांधताना प्रत्येक ओळीच्या आरंभी ‘एक्स’ हे रोमन अक्षर जोडतात आणि उलगडताना ‘सेड’ या संपादन-आज्ञेने ते काढून टाकतात. त्यामुळे मजकुरातील कोणतीच ओळ खुणेशी जुळत नाही. टपाल-आज्ञावल्या केवळ पूर्णविराम असलेली ओळ हा पत्राचा शेवट मानीत किंवा ‘फ्रॉम’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीपुढे स्वतःचे चिन्ह घालीत. तो उपद्रवही यामुळे टळतो.

चांगल्या संग्रहात दोन तपासण्या असतात. त्याच नावाची फाइल आधीच अस्तित्वात असल्यास ती न पुसता तसे कळविले जाते आणि उलगडलेल्या फाइलीतील बाइटांची संख्या मूळ संख्येशी ताडून पाहिली जाते. दुसरी तपासणी अपुरी आहे. वाटेत मजकूर तुटला तर ती चूक पकडते. परंतु एका अंकाच्या जागी दुसरा अंक आला, तर लांबी तीच राहिल्याने ती फसते. पर्जन्यमानाच्या कोष्टकात अशी चूक लक्षातही येणार नाही.

इतिहास : जेम्स गॉसलिंग यांनी १९८२ मध्ये कार्नेगी-मेलन विद्यापीठात शार ही आज्ञावली लिहिली. पुढे जावा या संगणक-भाषेमुळे प्रसिद्ध झालेले ते हेच होत. ब्रायन कर्निगन व रॉब पाइक यांच्या युनिक्सविषयक ग्रंथात (१९८४) याच कल्पनेवर आधारलेली ‘बंडल’ ही अवघ्या काही ओळींची आज्ञावली दिलेली आहे.

त्या काळी युनिक्स संगणक एकमेकांना दूरध्वनीवरून जोडले जात आणि यूयूसीपी या पद्धतीने टपाल व यूजनेटवरील वृत्तलेख पुढे पाठविले जात. या मार्गाने केवळ साधा मजकूरच निर्धोकपणे जाई. शार ही त्या अडचणीतून निघालेली वाट होती. मोठी आज्ञावली असल्यास तिचे अनेक भाग करून प्रत्येक भाग स्वतंत्र संग्रह म्हणून पाठवीत. दर सेकंदाला १,२०० बिट वाहून नेणाऱ्या मोडेमवर ६०,००० बाइटांचा एक भाग पोहोचण्यास आठ मिनिटांहून अधिक काळ लागे. मधेच दूरध्वनी तुटल्यास तेवढाच भाग पुन्हा मागविता येई.

भारतात अशा संदेशवहनाचे एक प्रमुख केंद्र महाराष्ट्रात होते. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यात मुंबईची एनसीएसटी ही संस्था, आयआयटी संस्था व बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था यांचा समावेश होता. एनसीएसटी व मुंबई आयआयटी यांच्यात दूरध्वनीवरून यूयूसीपी टपाल चाले, तर एनसीएसटीतून अमेरिकेतील यूयूनेट या केंद्राशी संपर्क ठेवला जाई. जिल्हा मुख्यालयांपर्यंत संगणक-संदेशवहन पोहोचविण्याचे काम निकनेट या वेगळ्या, उपग्रहावर आधारलेल्या शासकीय जाळ्याने केले.

देवनागरी मजकूर : अनेक टपाल-मार्ग प्रत्येक बाइटातील सातच बिट वाहून नेत. भारतीय लिप्यांसाठी ठरविलेल्या इस्की या संकेतात (प्रमाणित १९९१) रोमन अक्षरे खालच्या अर्ध्या भागात व भारतीय अक्षरे वरच्या अर्ध्या भागात आहेत. आठवा बिट गळाला की, देवनागरी अक्षरांच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे उमटत. म्हणून अशी फाइल आधी ‘यूयूएन्कोड’ या आज्ञेने रूपांतरित करून मग संग्रहात घालणे आवश्यक होते. या रूपांतरात तीन बाइटांची चार छापण्याजोगी चिन्हे होतात, म्हणजे आकार एक-तृतीयांशाने वाढतो. आजच्या यूटीएफ-८ संकेतात ‘वर्धा’ या शब्दाचे व, र, हलन्त, ध व काना असे पाच घटक प्रत्येकी तीन याप्रमाणे १५ बाइट व्यापतात आणि रूपांतरानंतर त्यांची २० चिन्हे होतात. बाइटांची मोजणी आणि अक्षरांची मोजणी यांत मराठी मजकुराच्या बाबतीत असा मोठा फरक पडतो.

धोका : संग्रह उघडणे म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या आज्ञा स्वतःच्या अधिकाराने पाळणे होय. फाइली उलगडण्याच्या आज्ञांमध्ये फाइली पुसण्याची एखादी ओळ दडविलेली असेल, तर शेल तीही तितक्याच निमूटपणे अंमलात आणते. डिसेंबर १९८७ मध्ये याचा एक धडा मिळाला, तो मात्र युनिक्सवर नव्हे, तर आयबीएमच्या संगणकांवर. नाताळचे झाड पडद्यावर काढणारी एक आज्ञावली टपालाने येई. चालविल्यावर ती झाड काढी खरी, पण त्याचबरोबर स्वतःच्या प्रती त्या व्यक्तीच्या परिचितांना पाठवी. बिटनेट व आयबीएमचे अंतर्गत जाळे या प्रतींनी तुंबले. शार संग्रह शुद्ध मजकूर असल्याने तो आधी वाचून पाहता येतो, ही त्याची जमेची बाजू. पण हजारो ओळी कोणी वाचीत नाही. यूयूएन्कोड केलेला भाग तर वाचताच येत नाही. म्हणून संग्रह रिकाम्या निर्देशिकेत, साध्या वापरकर्त्याच्या अधिकाराने उलगडावा. प्रमुख व्यवस्थापकाच्या, म्हणजे ‘रूट’च्या अधिकाराने कधीही उलगडू नये. ‘अनशार’ ही आज्ञा टपालाचे शीर्षभाग गाळते. परंतु तीही अखेर शेलच चालविते, त्यामुळे तिने संरक्षण मिळते हा समज चुकीचा आहे.

नंतरची रूपे : १९९२ मध्ये माइम या टपाल-मानकामुळे कोणत्याही प्रकारची फाइल पत्रासोबत जोडता येऊ लागली आणि ‘टार’ संग्रह संकोचित करून पाठविण्याची रीत रूढ झाली, शार संग्रह मागे पडले. स्वयं-उलगडण्याची कल्पना मात्र टिकून राहिली. ‘मेकसेल्फ’ या आज्ञावलीने केलेल्या संग्रहात आरंभी वाचता येण्याजोगा छोटा शेल-भाग व त्यामागे संकोचित टार संग्रह असतो. शेल-भाग पडताळा-संख्या तपासून मागील भाग तात्पुरत्या निर्देशिकेत उलगडतो व तेथील स्थापना-आज्ञावली सुरू करतो. लिनक्स प्रणालीवर ‘रन’ या प्रत्ययाने मिळणारे कित्येक स्थापना-संच याच प्रकारचे असतात. एकदा पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला की, आतील संचाला पुरक गोष्टी बाहेरून लागत नसल्यास तो आंतरजाल नसलेल्या संगणकावरही चालतो.