डब टेक्नोमधील ध्वनिनिर्मिती

डब टेक्नो ही टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची एक उपशैली आहे. तिचा उगम १९९०च्या दशकात जर्मनीतील बर्लिन शहरात झाला. टेक्नोचा अखंड ठेका आणि जमैकातील डब संगीताचे ध्वनिप्रक्रियेचे तंत्र यांचा मेळ या शैलीत आढळतो. आखूड, धूसर कॉर्ड आणि त्याचे लांबत जाणारे प्रतिध्वनी ही तिची प्रमुख ओळख होय. मूळ ध्वनी साधा असतो. त्याला रूप देण्याचे काम मुख्यतः इफेक्ट करतात.

पार्श्वभूमी

१९७०च्या दशकात किंग टबी, ली 'स्क्रॅच' पेरी आदी जमैकन ध्वनितंत्रज्ञांनी रेगे ध्वनिमुद्रणांतील गायन व वाद्ये कमी-अधिक करून, त्यांना प्रतिध्वनींची जोड देऊन नव्या रचना घडवल्या. त्यामुळे मिक्सर हेच एक वाद्य बनले. मॉरित्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टस यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या 'बेसिक चॅनल'ने हे तंत्र टेक्नोत रुजवले. पुढे त्यांच्याच 'चेन रिअ‍ॅक्शन' या लेबलवर 'मोनोलेक' या जोडीच्या रचना प्रसिद्ध झाल्या. या जोडीतील गेरहार्ड बेहलेस हे एबलटन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असून, तिचे 'लाइव्ह' हे सॉफ्टवेअर २००१ मध्ये बाजारात आले.

मूळ ध्वनी

सिंथेसायझरमध्ये करवती आकाराच्या तरंगाचे दोन ऑसिलेटर घेऊन त्यांपैकी एक किंचित बेसूर ठेवतात. त्यांवर बहुधा मायनर सेव्हन्थ कॉर्ड वाजवला जातो. भारतीय स्वरनामांत सांगायचे तर षड्ज, कोमल गांधार, पंचम व कोमल निषाद हे स्वर एकाच वेळी उमटतात. लो-पास फिल्टरने वरच्या वारंवारता कापल्या की ध्वनी मऊ व दबका होतो. एन्व्हलपमध्ये सस्टेन शून्य आणि डिके सुमारे २०० ते ३०० मिलिसेकंद ठेवल्यास कॉर्ड क्षणभर उमटून विरतो. फिल्टरची मर्यादा संथ एलएफओने वरखाली केल्यास प्रत्येक आघाताचा पोत थोडा बदलतो.

हा कॉर्ड ध्वनिमुद्रित करून सॅम्पलरमध्ये वेगवेगळ्या पट्ट्यांवर वाजवण्याचीही पद्धत आहे. त्यात स्वरांमधील अंतरे कायम राहून संपूर्ण कॉर्ड वरखाली सरकतो.

इफेक्टची साखळी

डिले: प्रतिध्वनीचा कालावधी लयीशी जुळवला जातो. दर मिनिटाला १२० ठोके असतील, तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा असतो. पाऊण ठोक्याचा, म्हणजे ३७५ मिलिसेकंदांचा डिले घेतल्यास प्रतिध्वनी मुख्य ठोक्यांच्या अधेमधे पडतात व लय गुंतागुंतीची भासते. फीडबॅक ५० टक्के असता प्रत्येक आवर्तनात ध्वनी सुमारे ६ डेसिबलने उतरतो. ७० टक्के असता सुमारे ३ डेसिबलने, म्हणून शेपूट अधिक लांबते. फीडबॅकच्या वळणातच फिल्टर असल्यास ध्वनी प्रत्येक फेरीत पुन्हा गाळला जातो आणि दूर जात असल्याचा भास होतो.

रिव्हर्ब: डिलेनंतर लांब रिव्हर्ब जोडल्यास सुटे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. त्याच्या खालच्या वारंवारता कापणे आवश्यक असते. अन्यथा बास व ड्रम अस्पष्ट होतात.

साइडचेन कॉम्प्रेसर: हा किक ड्रमच्या प्रत्येक आघाताला प्रतिध्वनींची पातळी क्षणभर खाली आणतो, त्यामुळे ठेका स्पष्ट राहतो.

वादन व दक्षता

इफेक्ट थेट कॉर्डवर न लावता रिटर्न ट्रॅकवर ठेवल्यास निवडक आघातांपुरताच सेंड वाढवता येतो. हे नियंत्रण हाताने फिरवून ऑटोमेशन म्हणून नोंदवता येते. डब तंत्रज्ञाच्या मिक्सरवादनाचेच हे संगणकीय रूप होय. फीडबॅक १०० टक्क्यांपलीकडे गेल्यास ध्वनी विरण्याऐवजी वाढत जातो. या परिणामाचा संगीतात मुद्दाम वापरही होतो. मात्र श्रवणशक्ती व ध्वनिवर्धक यांच्या सुरक्षिततेसाठी साखळीच्या शेवटी लिमिटर लावणे आणि हेडफोनचा आवाज आधीच कमी ठेवणे गरजेचे असते.