आकडा पाण्यात, साठा खडकात

फॉस्फेटच्या मीटरवर ०.४२ पीपीएम (दशलक्षात भाग) उमटलं, की घरी रीफ टँक, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, सांभाळणाऱ्याची झोप उडते. काच पुसून दोन दिवस होत नाहीत तोच हिरवा थर धरतो, खडकावर केसाळ शेवाळ डोलू लागतं आणि हौशी माणूस हाताला लागेल ते औषध पाण्यात ओततो. आठवड्याभरात मीटर ०.०१ दाखवतं. तो खूश होतो. मग टाकीतलं ॲक्रोपोरा हे कडक प्रवाळ बुडापासून पांढरं पडू लागतं. वाढलेल्या फॉस्फेटनं जे बिघडवलं नव्हतं, ते फॉस्फेट उतरवण्याच्या घाईनं बिघडवलेलं असतं. या घाईमागे काही ठरावीक समजुती असतात. त्या एकेक करून तपासू.

गैरसमज १ : चांगल्या टाकीत फॉस्फेट शून्य हवं

वस्तुस्थिती : फॉस्फरसवाचून कुठलीच पेशी जगत नाही. डीएनए, पेशीची ऊर्जा, पेशीचं आवरण या सगळ्यांत तो लागतो. प्रवाळाच्या ऊतीत राहून त्याला अन्न पुरवणाऱ्या सूक्ष्म शैवालांनाही तो लागतो. ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं, की पाण्यात नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेटची मात्र उपासमार असेल, तर ही शैवालं दुबळी होतात आणि उष्णता व प्रकाशाच्या ताणाखाली प्रवाळ लवकर पांढरं पडतं.

खऱ्या प्रवाळखडकांवरच्या पाण्यात फॉस्फेट बहुतेक वेळा ०.०३ पीपीएमच्याही खाली असतं, हे खरं. पण तिथं पाणी सतत वाहतं आणि प्लवकांचं खाद्य रात्रंदिवस येत राहतं. पाण्यात कमी असलं तरी ताटात पुरेसं पडतं. बंद टाकीला तो पुरवठा नाही. म्हणून बरेच अनुभवी टाकीवाले ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान राहतात. आकडा पार तळाला गेला, की हिरवं शेवाळ हटतं खरं, पण त्याच्या जागी डायनोफ्लॅजेलेट्सचा तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट थर पसरल्याचे अनुभवही पुष्कळ आहेत. तो काढणं शेवाळ काढण्यापेक्षा कठीण.

गैरसमज २ : मीटर शून्य दाखवतं, म्हणजे फॉस्फेट नाही

वस्तुस्थिती : घरगुती चाचणी फक्त पाण्यात मोकळं विरघळलेलं ऑर्थोफॉस्फेट मोजते. शेवाळानं खाल्लेलं, उरलेल्या खाद्यात आणि विष्ठेत अडकलेलं, वाळूत मुरलेलं, यातलं काहीच तिला दिसत नाही. काचेवर हिरवळ माजलेली आणि मीटरवर शून्य, अशी टाकी म्हणूनच आढळते. फॉस्फेट येतंय, पण पाण्यात टिकण्याआधीच शेवाळ ते गिळतंय.

मीटरच्या अचूकतेलाही मर्यादा आहे. हौशी मंडळींत लोकप्रिय असलेल्या छोट्या डिजिटल फॉस्फेट मीटरमध्ये साधारण ०.०२ पीपीएमची चूक गृहीत धरलेली असते. ०.०२ आणि ०.०४ या दोन वाचनांवरून काही ठरवणं म्हणजे अंधारात तीर मारणं. शिवाय काही मीटर फॉस्फेट न मोजता फॉस्फरस मोजतात, तेही पीपीबीमध्ये (अब्जात भाग). त्या आकड्याला ३.०६६ नं गुणून हजारानं भागलं, की फॉस्फेटचे पीपीएम मिळतात. मीटरवरचे २० म्हणजे सुमारे ०.०६ पीपीएम. हा गुणाकार विसरून दोन मित्र आपापल्या टाकीचे आकडे ताडून पाहतात आणि एकाला उगाच धडकी भरते.

गैरसमज ३ : पाणी बदललं, की फॉस्फेट उतरतं

वस्तुस्थिती : उतरतं, पण तेवढ्यापुरतं. फॉस्फेट ०.४ असताना २० टक्के पाणी बदललं, तर आकडा फार तर ०.३२ होईल. असं ओळीनं पाच वेळा केलं, तर कागदावर तो ०.१३ च्या आसपास यायला हवा. प्रत्यक्षात आठवड्यानं मोजावं, तर पुन्हा ०.३८.

याचं कारण खडकात आणि वाळूत आहे. दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पृष्ठभाग फॉस्फेट धरून ठेवतो. पाण्यात फॉस्फेट जास्त असलं, की खडक ते शोषतो. पाण्यातलं कमी झालं, की सोडू लागतो. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर रंग मारला, की दिवाळीपुरती भिंत झकास दिसते आणि पुढच्या आषाढात डाग पुन्हा त्याच जागी उमटतो. तसंच हे. वर्षभर ०.४ वर राहिलेल्या टाकीचा खडक आतून भिजलेला असतो. तो वाळायला महिने लागतात. दुसऱ्याच्या मोडलेल्या टाकीतला खडक स्वस्तात मिळाला, तर त्याच्यासोबत हा साठाही घरी येतो. असा खडक टाकीत घालण्याआधी वेगळ्या बादलीत खाऱ्या पाण्यात ठेवून काही आठवडे फॉस्फेट मोजत राहावं.

गैरसमज ४ : फ्रोझन खाद्य धुऊन घातलं, की प्रश्न मिटला

वस्तुस्थिती : धुण्यात वाईट काही नाही, पण त्यानं हिशेब फारसा बदलत नाही. फॉस्फरसचा मोठा वाटा खाद्यातल्या कोळंबीच्या मांसात असतो. बर्फाच्या पाण्यातून जातो तो थोडा. मासा मांस खातो आणि त्यातला बराचसा फॉस्फरस पाण्यात सोडतो.

साध्या गुणाकारानं हे स्पष्ट होतं. कोरड्या खाद्यात वजनाच्या सुमारे १ टक्का फॉस्फरस धरू. एक ग्रॅम खाद्यात १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे जवळजवळ ३० मिलिग्रॅम फॉस्फेट. ३०० लिटरच्या टाकीत त्याचे ०.१ पीपीएम होतात. रोज एक ग्रॅम खाद्य घातलं आणि बाहेर काहीच काढलं नाही, तर महिन्याला ३ पीपीएमची भर पडते. बहुतेक टाक्यांमध्ये आकडा तिथवर जात नाही, कारण स्किमर (फेसातून घाण उपसणारं यंत्र), शेवाळ, बॅक्टेरिया आणि खडक आपापला वाटा उचलतात. म्हणून आकडा चढू लागला, की पहिला प्रश्न खाद्याच्या डब्याला विचारावा आणि दुसरा स्किमरच्या कपाला. मासे उपाशी ठेवणं हा मात्र तोडगा नव्हे. दोन मिनिटांत संपेल एवढंच घालणं, हा आहे.

गैरसमज ५ : नायट्रेट आवरलं, की फॉस्फेट आपोआप आवरतं

वस्तुस्थिती : दोघांचा बाहेर पडायचा रस्ता वेगळा. प्राणवायू नसलेल्या कोपऱ्यांतले बॅक्टेरिया नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. फॉस्फेटचा वायू होत नाही. टाकीबाहेर ते कोणीतरी उचलूनच न्यावं लागतं. कापून फेकलेल्या शेवाळातून, स्किमरच्या काळ्या चिखलातून, बदललेल्या पाण्यातून किंवा फॉस्फेट बांधून ठेवणाऱ्या दाण्यांतून (मीडियातून).

व्होडका किंवा व्हिनेगरचे थेंब घालून बॅक्टेरिया वाढवण्याची पद्धत इथेच अडते. समुद्री प्लवकांत नायट्रोजन आणि फॉस्फरसच्या अणूंचं प्रमाण सरासरी १६ ला १ असतं, हे अल्फ्रेड रेडफिल्ड यांनी मांडलं. वाढणाऱ्या जिवाला फॉस्फरसपेक्षा नायट्रोजन कितीतरी जास्त लागतो. नायट्रेट आधीच शून्यावर असेल, तर कितीही व्होडका ओतली तरी बॅक्टेरिया फॉस्फेट उचलत नाहीत. अशा टाकीत आधी थोडं नायट्रेट वाढवावं लागतं, मग फॉस्फेट हलतं. ऐकायला उलटं वाटतं, पण खरं आहे.

गैरसमज ६ : मीडिया जितका जास्त, तितकं बरं

वस्तुस्थिती : जीएफओ, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे विटकरी दाणे, फॉस्फेट घट्ट धरतात आणि वेगानं धरतात. नवा मीडिया पूर्ण मात्रेत घातला, तर एकदोन दिवसांत आकडा निम्म्यावर येऊ शकतो. ०.४ ची सवय झालेल्या प्रवाळाला ते झेपत नाही. पाव मात्रेनं सुरुवात करावी आणि मीडिया ठेवलेल्या नळकांड्यातून (रिॲक्टरमधून) बाहेर पडणारं पाणी मोजावं. बाहेरचा आकडा टाकीइतकाच झाला, की मीडिया भरला असं समजावं. अल्कलिनिटीवरही (पाण्यातल्या कार्बोनेटच्या साठ्यावर) लक्ष हवं.

लँथॅनम क्लोराइड त्याहून तिखट. ते फॉस्फेटशी जुळून पांढरा गाळ बनवतं आणि कार्बोनेटशीही जुळतं, त्यामुळे अल्कलिनिटी खाली येते. हा गाळ पाण्यात मोकळा फिरला, तर सर्जनफिशसारखे मासे धापा टाकू लागल्याचे आणि दगावल्याचे अनुभव टाकीवाल्यांनी सांगितले आहेत. वापरायचंच असेल, तर खूप पातळ करून, थेंबथेंब, बारीक विणीच्या फिल्टर सॉकमध्येच सोडावं.

गैरसमज ७ : घरच्या आरओचं किंवा समुद्राचं पाणी चालतं

वस्तुस्थिती : आपल्याकडच्या अनेक घरगुती प्युरिफायरमध्ये चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. तो आरओच्या पाण्यात थोडं साधं पाणी परत मिसळतो. पिण्यासाठी ते ठीक, टाकीसाठी आरओनंतर डीआय (आयन काढणारं) रेझिन हवं आणि टीडीएस शून्य हवा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी तर जास्तच सावध असावं. तिथं जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरू नये म्हणून बऱ्याच ठिकाणी नळाच्या पाण्यात मुद्दाम ऑर्थोफॉस्फेट घालतात.

जुहूहून कॅन भरून आणण्याची कल्पना स्वस्त वाटते, पण मुंबईच्या किनाऱ्याला सांडपाणी मिळतं आणि सांडपाण्यात फॉस्फेट असतं. पावसाळ्यात खारेपणाही घसरतो. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलण्याचा विचार तर करूच नये. कडक प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

मग जास्त फॉस्फेट चालतं का?

बेफिकीर राहावं असं नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, वन ट्री बेटाजवळ १९९० च्या दशकात खडकाच्या भागांना मुद्दाम नायट्रोजन-फॉस्फरस देऊन प्रयोग झाला. फॉस्फरस मिळालेल्या प्रवाळांची लांबी वाढली, पण सांगाडा विरळ झाला. दिसायला वाढ, आतून ठिसूळ. कडक प्रवाळाच्या टाकीत ०.३-०.४ वर वर्षानुवर्षं राहू नये ते यासाठी. मऊ प्रवाळ मात्र त्या पाण्यातही आनंदात दिसतात.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आठवड्याच्या अंतरानं, त्याच वेळी, दोन वाचनं घ्या. खाद्य तोलून घाला. स्किमर स्वच्छ करा, संपमध्ये (टाकीखालच्या जोडटाकीत) शेवाळ वाढवून दर पंधरवड्याला कापा. एवढ्यानंतरही आकडा हटला नाही, तरच मीडिया, आणि तोही थोडा. महिन्याला आकडा पाव-तृतीयांशानं उतरला, तरी उत्तम चाललंय. वहीत तारीख आणि आकडा लिहीत राहा.

तीन-चार महिन्यांनी आकडा ०.१ च्या खाली स्थिरावला, की एकदा मीडिया काढून ठेवा आणि नेहमीसारखं खाद्य घालत पंधरा दिवस थांबा. मग मोजा. आकडा चढला, तर भिंतीत अजून ओल आहे, मीडिया परत लावा. तिथेच राहिला, तर भिंत वाळली.