कायदेशीर लाकूड म्हणजे कोणाचे लाकूड?

सरकारी इमारतीसाठी सागाच्या चौकटी मागवताना निविदेत लाकडाची जात लिहितात, जाडी-रुंदी लिहितात, गाठी किती चालतील तेही लिहितात. ते लाकूड कोणी तोडले, मजुरी काय मिळाली, त्या जंगलावर कोणाचा हक्क होता, हे रकाने मी आजवर कुठल्या निविदेत पाहिले नाहीत. मी अकोल्यात शिक्षक आहे, आणि राज्यघटना शिकवताना हा प्रश्न मला सोडत नाही.

आमच्या वऱ्हाडात सागाचे मोठे जंगल म्हणजे मेळघाट. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे आले आणि पुढच्या दशकात मेळघाट राखीव झाला. तेव्हापासून लाकडाची वाट ठरलेली आहे. कूप आखायचा, झाडावर हातोड्याचा शिक्का मारायचा, तोड करायची, माल परतवाड्याच्या डेपोत रचायचा, लिलाव करायचा. घेणाऱ्याला वाहतूक परवाना मिळतो. तो परवाना हाती असला की लाकूड कायदेशीर. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे राखीव जंगलातून विनापरवाना लाकूड नेणे हा गुन्हा. म्हणजे डोक्यावर मोळी घेऊन निघालेली कोरकू बाई चोर, आणि तिच्याच डोंगरातला ओंडका ट्रकमधून गेला तर तो शासनाचा महसूल! गावकीत मयताची लाकडे महाराने वाहायची, झाडाची मालकी मात्र पाटलाची. हे गणित आपल्याला नवे नाही.

जगात आता नुसत्या परवान्यावर भागत नाही. ब्रिटनच्या केंद्र सरकारने एप्रिल २००९ पासून कायदेशीर आणि जंगल टिकवून काढलेल्या लाकडाचीच खरेदी करायचे ठरवले. आपल्याकडे केंद्रीय बांधकाम खात्याने १९९३ साली लाकडाचा वापरच बंद केला आणि २०२० साली ती बंदी उठवली. बंदी घालताना झाडांचा विचार झाला, उठवताना झाडे लावणाऱ्या शेतकऱ्याचा. तोडणारा मजूर दोन्ही वेळा कुठेच नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने वन व काष्ठ प्रमाणीकरणाची योजना आणली, पण ती ऐच्छिक आहे.

खरा फरक २००६ च्या वनहक्क कायद्याने पडला. त्यात बांबू गौण वनोपज ठरला आणि त्यावर ग्रामसभेचा हक्क आला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) येथे २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन वनमंत्री जयराम रमेश यांनी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. ज्या कागदाने आदिवासी चोर ठरत होता, तो कागद लिहिण्याचा अधिकार त्याच्याकडे आला. अमरावती जिल्ह्यातील पायविहीरच्या लोकांनीही सामूहिक हक्क मिळवून आपले उजाड रान राखले आहे. साग मात्र गौण वनोपजात नाही. त्याचा लिलाव अजून सरकारच करते.

तेव्हा सरकारी खरेदीकडून काय मागावे? बांबूची खरेदी आधी ग्रामसभांकडून, ठेकेदाराला मधे न घेता. सागाच्या बाबतीत परवान्याबरोबर कुपाच्या मजुरीचे हजेरीपत्रक आणि त्या हद्दीतल्या ग्रामसभेचा ठराव. कमी दराची निविदा मंजूर करायची, हा नियम आडवा येईल. पण मजुराची मजुरी मारून दर कमी होत असेल, तर तो दर खरा कसा मानायचा?

अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना एक काम लगेच करता येईल. आपल्या तालुक्यात नवी शाळा किंवा वसतिगृह उभे राहिले असेल, तर २००५ च्या माहिती अधिकाराखाली बांधकाम खात्याकडे अर्ज करावा : लाकूड कोणत्या डेपोतून आले, परवान्याची प्रत आणि लिलावाची तारीख. तीस दिवसांत उत्तर देणे खात्याला बंधनकारक आहे.