खुलताबादच्या उतारावरील पाणी आणि माती

खुलताबाद तालुक्यांत अवर्षणाचा विषय निघाला कीं वृद्धांस १९७२ सालची आठवण होते. पावसानें लागोपाठ ओढ दिली, चाऱ्यावांचून बैल विकले गेले आणि घरंदाज शेतकरीहि रस्त्याच्या कामावर खडी फोडावयास बसले. त्या कामांतूनच रोजगार हमीची योजना वाढली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. उलट सप्टेंबर २०२५ मध्यें याच मराठवाड्यांत अतिवृष्टीनें उभीं पिकें बुडालीं आणि पुष्कळ ठिकाणीं पिकाखालची मातीहि खरडून गेली. हीं दोन संकटें परस्परविरुद्ध दिसतात. परंतु आपल्या तालुक्यापुरतें तरी त्यांचें मूळ एकच आहे, असें आम्हांस वाटतें.

म्हैसमाळचें पठार आणि वेरूळचे डोंगर काळ्या पाषाणाच्या थरांचे आहेत. उतारावर माती थोडी, तिच्याखालीं मुरूम व त्याखालीं कठीण कातळ. गिरिजा नदी याच डोंगरांतून निघून पूर्णेस मिळते. जिल्ह्याचें वर्षाचें सरासरी पर्जन्यमान सुमारें ७०० मिलिमीटर, म्हणजे जुन्या हिशेबानें २८ इंच. तें कांहीं अगदींच थोडें नाहीं. सरकारदरबारीं एका दिवसांत ६५ मिलिमीटर पाऊस झाल्यास ती अतिवृष्टि गणतात. एवढा पाऊस एका एकरावर पडला तर अडीच लाख लिटरांहून अधिक पाणी होतें. तें न थांबतां निघालें तर माती घेऊन जातें, आणि फाल्गुनांत आपण कोरड्या विहिरीच्या कांठीं उभे राहतों.

खुलताबादेस मलिक अंबराची कबर आहे. डोंगरांत झिरपलेलें पाणी जमिनीखालून खडकी शहरास, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, नेणारी नहर त्यानेंच बांधविली. पाणी जिरल्यावांचून झिरपत नाहीं, हें त्यानें ओळखलें होतें. आपण मात्र बोअर खोल नेण्यांतच पैसा घालतों.

उतारास आडवी नांगरट व पेरणी बहुतेकांस ठाऊक आहे. बांधहि पुष्कळांनीं घातले आहेत. चूक होते ती सांडव्याची. सांडवा नसलेला बांध मोठ्या पावसांत फुटतो आणि वर्षानुवर्षें सांचलेली माती एका रात्रींत नाल्यांत जाते. सांडवा दगडी असावा, त्याचें तोंड शेजाऱ्याच्या पिकावर नव्हे तर ओघळीकडे असावें, व मे महिन्यांत त्याची डागडुजी व्हावी. येथेंच भाऊबंदकी आडवी येते. वरच्यानें पाणी सोडावयाचें व खालच्यानें सोसावयाचें, ही रीत चालूं राहिली तर दोघांचेंहि शेत जाईल. म्हणून बांधाची आंखणी एकेका गटाची न करतां माथ्यापासून पायथ्यापर्यंत सर्व ओघळीची एकदम करावी.

गारपिटीवर बांधाचा उपाय चालत नाहीं. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारांनीं मराठवाड्यांतील गहू, हरभरा, ज्वारी व डाळिंबाच्या बागा झोडपल्या. कापलेलें पीक खळ्यावर उघडें ठेवूं नये. नुकसान निदान ३३ टक्के असल्यासच सरकारी मदत मिळते. यास्तव शेत आवरण्यापूर्वीं छायाचित्र काढून तलाठ्यास कळवावें व पंचनामा स्वतः समक्ष राहून करून घ्यावा.

राहिली वीज. मृगाच्या आरंभीं व परतीच्या पावसांत ती विशेष पडते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ‘दामिनी’ ही मोबाइलवरील सोय तिची आगाऊ सूचना देते. ढग गडगडूं लागतांच माळावरच्या एकट्या झाडाखालचीं गुरें सोडावीं आणि स्वतःहि तेथें थांबूं नये.