स्काडाचा पडदा का थिजतो?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या वाहन व सुट्या भागांच्या कारखान्यांत भट्ट्या, कॉम्प्रेसर, वीजमीटर यांच्यावर संगणकातून नजर ठेवणाऱ्या प्रणालीला ‘स्काडा’ म्हणतात. तिचे आकडे थिजले, तर आधी पडद्यावरचे घड्याळ पाहावे. घड्याळ आणि माउसही अडकले असतील, तर दोष बहुधा संगणकात असतो: मेमरी संपलेली किंवा नोंदींनी डिस्क भरलेली. घड्याळ चालू असून आकडेच हलत नसतील, तर संपर्क तपासावा.

अनेक उपकरणे 1979 साली आलेल्या ‘मॉडबस’ पद्धतीने बोलतात. त्यात मुख्य संगणक प्रत्येकाला पाळीपाळीने विचारतो. एखादा मीटर बंद असेल, उत्तरासाठी 1 सेकंद थांबायचे आणि एकूण 3 वेळा विचारायचे ठरले असेल, तर प्रत्येक फेरीत 3 सेकंद वाया जातात. असे दहा मीटर बंद असले, की अर्धे मिनिट जाते आणि सगळा पडदाच गोठल्यासारखा वाटतो. बंद उपकरण यादीतून तात्पुरते वगळणे हा त्यावरचा उपाय.

संपर्क तपासताना सेटिंगही पाहावे: उपकरणांचे मॉडबस पत्ते 1 ते 247 मधले आणि प्रत्येकाचे वेगळे हवेत. बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) व पॅरिटी (चूक ओळखण्याची खूण) सर्वांची सारखी हवी. उपकरणे जोडणारी आरएस-485 ची तार सुमारे 1200 मीटरपर्यंत चालते. तिच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा रोधक लावावा आणि ती मोटर-ड्राइव्हच्या केबलपासून दूर ठेवावी. वेल्डिंग किंवा मोठी मोटर सुरू होतानाच चुका येत असतील, तर विद्युत व्यत्ययाचा संशय घ्यावा.

रीस्टार्ट शेवटी करावे. त्याआधी त्रुटीची वेळ आणि संदेश नोंदवून ठेवावा.