वादळानंतर पाण्याखाली काय उरतं?

कॅरिबियन समुद्रातल्या कोझुमेल या मेक्सिकन बेटाला चक्रीवादळं नवी नाहीत. सप्टेंबर १९८८ मध्ये ‘गिल्बर्ट’ आलं, जुलै २००५ मध्ये ‘एमिली’ आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी, २१ ऑक्टोबरला, ‘विल्मा’. बेटावर पोचण्याच्या दोन दिवस आधी विल्माच्या केंद्रातला हवेचा दाब ८८२ मिलिबारपर्यंत उतरला होता. अटलांटिकमधल्या वादळांत इतका कमी दाब दुसऱ्या कुठल्याही वादळात नोंदला गेलेला नाही. कोझुमेलला धडकताना वाऱ्याचा वेग ताशी २४० किलोमीटरच्या घरात होता. पण वेगापेक्षा त्याची संथ चाल जास्त नडली. युकातान द्वीपकल्पाच्या ईशान्य टोकावर ते दिवसभराहून अधिक काळ मुक्काम ठोकून बसलं. जवळच्या इस्ला मुहेरेस बेटावर चोवीस तासांत सुमारे १,६३० मिलिमीटर पाऊस कोसळला.

किनाऱ्यावरची पडझड सगळ्यांना दिसली. मोठाल्या क्रूझ जहाजांसाठी बांधलेले धक्के उद्ध्वस्त झाले, हॉटेलांची वाताहत झाली. पण कोझुमेलची खरी पुंजी पाण्याखाली आहे. जेमतेम ४८ किलोमीटर लांब आणि १६ किलोमीटर रुंद असं हे बेट. १९६०च्या दशकात त्याचं नाव गाजलं आणि पुढे ते स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांची पंढरी बनलं. १९९६ मध्ये इथल्या प्रवाळभित्तींना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. धक्का पुन्हा बांधायचा तर निविदा निघते, काँक्रीट पडतं आणि दोन-तीन वर्षांत जहाज लागतं. प्रवाळभित्तीचं काम असं मुदतीत उरकत नाही. त्यामुळे सावरत असलेल्या बेटावर सुट्टीला गेलेल्या डायव्हरला पाण्यावर सगळं नवंकोरं आणि पाण्याखाली मात्र जुनी जखम, असं चित्र दिसतं.

ही जखम सगळीकडे सारखी नसते. कोझुमेलचं डायव्हिंग बहुतेक पश्चिम किनाऱ्याला चालतं. एरवी वारा पूर्वेकडून येतो, त्यामुळे ही बाजू बेटाच्या आडोशाला असते. प्रवाहाच्या ओघात डायव्हर पुढे सरकत राहतो आणि वर बोट त्याच्या बुडबुड्यांचा माग काढत येते. वादळात मात्र हा आडोसा उलटतो. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. विल्माचं केंद्र बेट ओलांडून वायव्येला सरकलं, तसे बेटावर नैर्ऋत्येचे वारे आले आणि वर्षानुवर्षं निवांत असलेल्या बाजूवर लाटा आदळू लागल्या.

लाटेचा जोर किती खोल पोचतो, याचं गणित सोपं आहे. लाटेमुळे होणारी पाण्याची हालचाल तिच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत जाणवते. शांत दिवशी चार सेकंदांनी येणारी लाट सुमारे २५ मीटर लांब असते, म्हणजे बारा-तेरा मीटरखाली तिचा पत्ताही लागत नाही. वादळात लाटा बारा सेकंदांनी येऊ लागल्या की खोल पाण्यात त्यांची लांबी सव्वादोनशे मीटरच्या आसपास जाते आणि शंभर मीटरवरचं पाणीही हलतं. दहा मीटर खोलीवर ही हालचाल पृष्ठभागाच्या पाऊण भाग असते, तीस मीटरवर निम्म्याहूनही कमी. शिवाय पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दहा मीटरवर पृष्ठभागाच्या तुलनेत निम्म्याहून अधिक रेटा बसतो, तर तीस मीटरवर तो पाचवा हिस्साही उरत नाही. विल्मानंतर कोझुमेलच्या उथळ भागांची जास्त दैना झाली आणि पालांकार किंवा सांता रोसा या भित्तींच्या खोल कड्यांचा बराच भाग बचावला, तो यामुळे.

पाण्याइतकाच वाळूनेही घात केला. घुसळून निघालेली वाळू स्पंज आणि प्रवाळांचं अंग खरवडून काढते आणि मग कपारींत जाऊन बसते. या कपारी रिकाम्या जागा नसतात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं चपटं डोकं, हनुवटीखाली झालरीसारखे लोंबणारे तंतू आणि पिवळ्याधमक किनारीचे पर असा एक टोडफिश अशा सांदीत पोट टेकून बसलेला असतो. तो बहुतांशी कोझुमेलच्या आसपासच सापडतो. बऱ्याचदा तो दिसण्याआधी त्याचा घुमणारा आवाज ऐकू येतो. प्रवाळांची बांधणी सपाट झाली की जगण्याच्या अशा किती जागा गेल्या, हे नुसत्या रंगांवर नजर ठेवणाऱ्याला कळत नाही.

मग वादळ म्हणजे प्रवाळांचा काळच का? तसंही नाही. कॅरिबियनमधले फांद्या फुटणारे प्रवाळ मोडूनच पसरतात. सांबरशिंगासारख्या प्रवाळाची फांदी तुटून योग्य जागी अडकली, तर तिथे रुजून नवी वसाहत उभी राहते. उसाच्या बेण्याला कांडीवरच्या डोळ्यातून कोंब फुटावा तसं. वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वाढणाऱ्या या प्रवाळांनी हजारो वर्षं वादळांसोबत संसार केला. गोल धोंड्यांसारखे प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढले तरी खूप. पण ते सहजी मोडत नाहीत. एकाकडे वेग, दुसऱ्याकडे चिवटपणा, अशी ही विभागणी आहे.

मात्र बेणं रुजायला जमीन लागते आणि सवडही लागते. ऑगस्ट १९८० मध्ये ‘ॲलन’ वादळाने जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या प्रवाळांचा चुराडा केला. संशोधक नॅन्सी नोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यानंतर तुटक्या तुकड्यांवर नजर ठेवली. वादळातून जिवंत वाचलेले बरेचसे तुकडे पुढच्या काही महिन्यांत मेले. वादळाचा हिशेब वादळ ओसरल्यावर लगेच मांडता येत नाही, हे तिथे लक्षात आलं. त्यावर १९८३-८४ मध्ये एका रोगाने लांब काट्यांचे काळे सी-अर्चिन कॅरिबियनभर जवळपास नाहीसे केले. शैवाल खरवडून खडक साफ ठेवण्याचं काम हेच प्राणी करत. शैवाल खाणारे मासे जमैकात आधीच बेसुमार मासेमारीने संपले होते. मोकळ्या झालेल्या खडकावर प्रवाळांऐवजी शैवाल माजलं. १९७०च्या दशकात तिथल्या भित्तींवर निम्म्याहून अधिक भाग जिवंत प्रवाळांचा होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो पाच टक्क्यांच्याही खाली गेला. वादळाने दार उघडलं खरं, पण घरात शिरलेले दुसरेच होते.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने कॅरिबियनभरची अशी निरीक्षणं एकत्र केली. वादळानंतरच्या वर्षात प्रवाळांचं आच्छादन सरासरी १७ टक्क्यांनी घटतं आणि पुढची किमान आठ वर्षं तरी ते पूर्वपदावर आल्याचं दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. कोझुमेलला एमिली आणि विल्मा यांच्यामध्ये जेमतेम तीन महिने मिळाले.

वादळाची एक बाजू मात्र अनपेक्षित आहे. त्याच २००५ साली कॅरिबियन समुद्र इतका तापला होता की प्रवाळांनी आपल्या पेशींतलं रंगीत शैवाल बाहेर टाकलं आणि ते पांढरे पडू लागले. वादळ खालचं थंड पाणी वर ढवळून आणतं आणि बाष्पीभवनातून उष्णता खेचून घेतं. फ्लोरिडाजवळून त्या वर्षी एकामागून एक वादळं गेली, पाणी तीन अंशांपर्यंत निवलं आणि तिथले प्रवाळ लवकर सावरले. अमेरिकेच्या अखत्यारीतल्या व्हर्जिन बेटांना असा गारवा मिळाला नाही आणि तिथली पांढरी साथ लांबली. अंतर राखून गेलेलं वादळ दिलासा देतं, अंगावरून गेलेलं मोडून टाकतं.

मोडलेलं सावरायला माणूस मदत करू शकतो का, याचं उत्तर कोझुमेलसमोरच्या मुख्य भूमीवर, पुएर्तो मोरेलोसला शोधलं जात आहे. तिथले मच्छीमार, डाइव्ह गाइड आणि उद्यानाचे कर्मचारी यांची ‘ब्रिगेड’ वादळ ओसरताच पाण्यात उतरते. आधी राडारोडा बाजूला करायचा. उलथलेली वसाहत सुलटी करायची. खडकावरची जागा तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करायची, सिमेंटचा गोळा तिथे दाबायचा आणि प्रवाळाचा तुकडा त्यात रोवून तो हलणार नाही इतपत बसवायचा. हे सगळं हेलकावणाऱ्या गढूळ पाण्यात, टाकीतली हवा संपायच्या आत. घाई अशासाठी की वाळूत लोळणारा तुकडा घासून घासून काही आठवड्यांतच मरतो.

या कामाला विम्यातून पैसे मिळाले आहेत. किनारा राखणाऱ्या प्रवाळभित्तीचा विमा उतरवायचा, ही कल्पना कोझुमेल आणि पुएर्तो मोरेलोस ज्यात येतात त्या किंताना रू राज्याने जगात पहिल्यांदा प्रत्यक्षात आणली. त्यामागचा व्यवहार सरळ आहे. प्रवाळभित्ती किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा अडवतात, असं २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. वाऱ्याचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की नुकसानीचा पंचनामा न करताच रक्कम मिळायची, अशी त्यात सोय होती. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘डेल्टा’ वादळ आलं आणि सुमारे आठ लाख डॉलर मिळाले. ब्रिगेडने हजारो तुकडे पुन्हा जागेवर बसवले.

अशा बेटावर सुट्टीला जाणं योग्य की नको? जावं, कारण उद्यानाची फी आणि गाइडची रोजी-रोटी डायव्हरवर चालते, आणि भित्ती जगली तरच आपलं पोट चालेल हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, तोच तिची राखण करतो. पण कोझुमेलच्या उद्यानात डायव्हरला हातमोजे घालायला मनाई आहे, ती का हे समजून जावं. हातमोजे असले की माणूस बिनधास्त खडक धरतो. त्यापेक्षा उथळ वाळूवर आधी तरंगण्याचा तोल साधावा आणि मगच प्रवाळांकडे वळावं. तारकर्लीला पहिल्यांदा स्कूबाची टाकी पाठीवर घेणाऱ्यालाही हेच लागू आहे. पायातल्या फिनचा एक फटका फांदी मोडायला पुरतो. उद्यानाने एखादी जागा बंद ठेवली असेल, तर तक्रार करू नये. २०१८ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर प्रवाळांच्या ऊती झडवणारा रोग पोचला. तो पसरू लागल्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये कोझुमेलच्या उद्यानाने पालांकारसह दक्षिणेकडच्या भित्ती पर्यटकांना काही काळ बंद केल्या. ज्या धंद्यावर बेट चालतं, तोच रोखून भित्तीला सवड देण्याचा तो निर्णय होता.

अशी सवड आता दुर्मीळ होत चालली आहे. २०२३ मध्ये कॅरिबियन पुन्हा विक्रमी तापला आणि प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. सिमेंटने रोवलेल्या तुकड्यालाही तेच पाणी सोसावं लागतं. किंताना रूचा तो विमा वाऱ्याच्या वेगावर बेतलेला होता; समुद्राच्या तापमानाचं कलम त्यात नव्हतं.